प्रश्न विचारणारे वाचक : बायबलच्या उदारमतवादी अभ्यासाचा आढावा

बायबल हा माणसाला ईश्वराशी जोडणारा ग्रंथ आहे असे मानणारे, पण त्यातील प्रत्येक वाक्य इतिहास किंवा विज्ञान म्हणून जसेच्या तसे खरे धरण्यास नकार देणारे अभ्यासक आणि धर्मगुरू गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ख्रिस्ती जगात सातत्याने पुढे आले आहेत. त्यांच्या विचाराला उदारमतवादी किंवा पुरोगामी ख्रिस्ती विचार म्हणतात. हा कोणताही एक पंथ नव्हे. प्रॉटेस्टंट, कॅथलिक, अँग्लिकन अशा सर्व परंपरांतून वाहणारा तो एक प्रवाह आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे ऐतिहासिक चिकित्सा, अर्थात एखादा धर्मग्रंथ कोणी, केव्हा, कोणासाठी व कोणत्या परिस्थितीत लिहिला याचा शोध इतर प्राचीन ग्रंथांना लावल्या जाणाऱ्या कसोट्यांनीच घेण्याची पद्धती. धर्म, बायबल आणि भोवतालची संस्कृती यांचे परस्परांशी नाते काय असावे, हा या प्रवाहापुढचा कायमचा प्रश्न आहे.

या प्रवाहाचा इतिहास बहुधा जर्मन विद्यापीठांचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. मात्र तेवढ्यावर थांबले, तर या अभ्यासाला वेळोवेळी वळण कोणी दिले हे कळत नाही. चिकित्सेची साधने प्राध्यापकांनी घडवली, परंतु ती कोठे वापरायची आणि ती कोठे अपुरी पडतात हे पुष्कळदा विद्यापीठाबाहेरच्या वाचकांनी, म्हणजे वसाहतीतल्या, गुलामीतल्या, स्त्री असल्यामुळे किंवा जातीमुळे डावलल्या गेलेल्या माणसांनी दाखवून दिले, असे या इतिहासाकडे बारकाईने पाहिल्यास दिसते.

चिकित्सेचा उगम

बायबलमधील पहिली पाच पुस्तके, म्हणजे पंचग्रंथ, मोशेने लिहिली, असे यहुदी व ख्रिस्ती परंपरा शतकानुशतके मानत आली. अ‍ॅमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलेल्या बारूख स्पिनोझाने १६७० मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समजुतीला उघड आव्हान दिले आणि बायबलचा अर्थ बायबलच्याच भाषेवरून व इतिहासावरून लावला पाहिजे, असा आग्रह धरला. १७५३ मध्ये झाँ आस्त्र्युक या फ्रेंच राजवैद्याने उत्पत्तीच्या पुस्तकात ईश्वराला काही ठिकाणी ‘एलोहिम’ आणि काही ठिकाणी ‘यहोवा’ म्हटले आहे याकडे लक्ष वेधून, मोशेने जुन्या लेखी साधनांचा उपयोग केला असावा, असा तर्क मांडला. म्हणजे या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एक बहिष्कृत यहुदी तत्त्वज्ञ होता आणि एक श्रद्धावान वैद्य होता.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते हे नोहाच्या जलप्रलयाच्या कथेवरून स्पष्ट होते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात नोहाला प्रत्येक जातीच्या प्राण्यांची एकेक जोडी तारवात घेण्याची आज्ञा होते, तर सातव्या अध्यायाच्या आरंभी शुद्ध प्राणी सात-सात घ्यावेत असे सांगितले जाते. एका ठिकाणी पाऊस चाळीस दिवस पडतो, तर दुसऱ्या ठिकाणी पाणी दीडशे दिवस पृथ्वी व्यापून राहते. आणि या फरकांबरोबरच ईश्वराचे नावही बदलत जाते. दोन स्वतंत्र कथा पुढे कोणीतरी एकत्र विणल्या, असे मानले की हे सारे तपशील आपापल्या जागी बसतात. १८७२ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथने बाबिलोनी मृत्तिकापटांवर तशीच प्रलयकथा सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा इस्राएलने शेजारच्या संस्कृतींकडून कथा घेऊन त्यांना आपला अर्थ दिला, हेही नाकारणे कठीण झाले.

१८७८ मध्ये यूलियस वेलहाउझेनने पंचग्रंथामागे यहोवावादी, एलोहिमवादी, अनुवाद या पुस्तकाशी निगडित आणि याजकीय असे चार स्रोत असल्याची मांडणी पूर्णत्वाला नेली आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे या विषयावरची चर्चा तिच्या अनुषंगाने झाली. स्रोतांची नेमकी संख्या आणि काळ यांवर आज मतभेद असले, तरी हा ग्रंथ अनेक शतकांत अनेक हातांनी घडला हे बहुतेक विद्यापीठीय अभ्यासकांना मान्य आहे. येशूच्या चरित्राबाबत असेच काम डाव्हिट फ्रीडरिख श्ट्राउसने १८३५-३६ मध्ये केले. शुभवर्तमानांतील चमत्कार ही फसवणूकही नव्हे आणि नोंदलेला इतिहासही नव्हे, तर आद्य ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धेने रचलेल्या मिथककथा, म्हणजे सत्य कथारूपाने सांगण्याचा प्राचीन प्रकार आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याची किंमत त्याने नोकरी गमावून मोजली. १८३९ मध्ये झुरिकला झालेल्या त्याच्या नेमणुकीविरुद्ध इतके काहूर माजले की अध्यापन सुरू होण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन दूर ठेवण्यात आले. वेलहाउझेनने तर, आपल्या अध्यापनामुळे विद्यार्थी धर्मगुरूच्या कामाला अपात्र होत आहेत अशा जाणिवेने, १८८२ मध्ये ईश्वरशास्त्राचे अध्यासन आपण होऊनच सोडले. विद्यापीठातले ज्ञान आणि प्रार्थनामंदिरातली श्रद्धा यांच्यातला हा ताण या प्रवाहात आजही आहे.

नेटालचा बिशप आणि त्याचा सहकारी

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पेटला तो बऱ्याच अंशी दक्षिण आफ्रिकेतून. जॉन विल्यम कोलेन्सो हा मूळचा गणिती; त्याची अंकगणित आणि बीजगणिताची पाठ्यपुस्तके इंग्लंडमधील शाळांत चालत. १८५३ मध्ये तो नेटाल या ब्रिटिश वसाहतीचा पहिला अँग्लिकन बिशप झाला. झुलू भाषा शिकून तो बायबलचे भाषांतर करत असताना विल्यम न्गिडी या झुलू सहकाऱ्याने त्याला विचारले की, जलप्रलयाची ही गोष्ट खरोखर घडली असे आपण मानता का. जगातले सगळे पशुपक्षी एका तारवात कसे मावले? गुलामाला मारहाण करणाऱ्या मालकाविषयी निर्गमच्या पुस्तकात असलेला नियम वाचून तर न्गिडीला धक्काच बसला. दयाळू ईश्वर असे काही सांगेल, हे त्याला पटेना. ज्याला धर्म शिकवायचा त्यानेच असे विचारल्यावर खोटे उत्तर देणे कोलेन्सोला शक्य नव्हते.

१८६२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या सात भागांच्या ग्रंथात त्याने गणित्याच्या शिस्तीने पंचग्रंथातील आकडे तपासले. गणनेच्या पुस्तकाप्रमाणे इस्राएलमध्ये वीस वर्षांवरील पुरुष ६,०३,५५० होते आणि एक महिन्यावरील ज्येष्ठ पुत्र २२,२७३. लहान मुले धरून पुरुषांची एकूण संख्या नऊ लाखांच्या आसपास जाते. मग प्रत्येक मातेला सरासरी चाळीसहून अधिक मुलगे झाले असले पाहिजेत, असे त्या हिशेबातून निष्पन्न होते. अशा एकेक तपशिलावरून, हा वृत्तान्त प्रत्यक्षदर्शी माणसाचा असू शकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. केपटाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने १८६३ मध्ये त्याला पदच्युत केले, पण ग्रे याला तसा अधिकारच नव्हता, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये दिला. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लँबेथ परिषद १८६७ मध्ये भरली, त्यामागे हा वाद हे एक महत्त्वाचे कारण होते.

कोलेन्सोचे महत्त्व त्या हिशेबांपुरते नाही. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या झुलू पुरुषाने एक सोडून बाकीच्या बायका टाकून द्याव्यात ही मिशनरी अट अन्यायकारक आहे, असे त्याने लिहिले, कारण त्या अटीमुळे निराधार होणार होत्या त्या स्त्रिया आणि त्यांची मुले. लंगालिबालेले या सरदारावर वसाहती सरकारने चालवलेला खटला आणि १८७९ चे झुलू युद्ध या दोन्ही प्रसंगी तो उघडपणे आपल्याच सरकारच्या विरोधात उभा राहिला; झुलू लोक त्याला ‘सोबान्तू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत. ग्रंथाची चिकित्सा आणि साम्राज्याची चिकित्सा या दोन गोष्टी त्याच्या ठिकाणी एकत्र आल्या होत्या. सर्व उदारमतवादी अभ्यासकांविषयी असे म्हणता येत नाही.

संस्कृतीशी जवळीक आणि तिचे परिणाम

१८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात आडोल्फ फॉन हारनाकने ख्रिस्ती धर्माच्या सारतत्त्वावर व्याख्याने दिली. त्याच्या मते चमत्कार, दुरात्मे, जगाचा अंत यांविषयीच्या प्राचीन कल्पना म्हणजे टरफल होते; ईश्वराचे पितृत्व, मानवी आत्म्याचे अपरिमित मोल आणि प्रेमावर उभी असलेली नीती हा त्याआतला गाभा होता. ही मांडणी त्या काळच्या सुशिक्षित जर्मन मध्यमवर्गाला इतकी मानवली की ख्रिस्ती धर्म आणि आपली संस्कृती यांत काही अंतर आहे, याचाच विसर पडावा. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर हारनाकचीही सही होती. स्वित्झर्लंडमधील एका औद्योगिक गावात पाळक असलेल्या कार्ल बार्थला आपल्या गुरुजनांची नावे त्या यादीत पाहून हादरा बसला, आणि रोमकरांस पत्रावरील त्याच्या भाष्यातून (१९१९, सुधारित १९२२) उदारमतवादाविरुद्धची विसाव्या शतकातली सर्वांत प्रभावी ईश्वरशास्त्रीय प्रतिक्रिया पुढे आली.

दोष केवळ युद्धज्वराचा नव्हता. आल्बर्ट श्वाइट्झरने १९०६ मध्ये येशूच्या शतकभरातील चरित्रांचा आढावा घेऊन दाखवले होते की प्रत्येक चरित्रकाराने आपल्या युगाचे आदर्श येशूवर लादले आहेत, आणि खरा येशू हा जगाचा अंत जवळ आला आहे असे मानणारा, आधुनिक मनाला परका वाटणारा पुरुष होता. आयरिश कॅथलिक विचारवंत जॉर्ज टिरेल याने १९०९ मध्ये हीच टीका एका प्रतिमेत बांधली : हारनाकला एकोणीस शतकांच्या अंधाराच्या तळाशी जो ख्रिस्त दिसला, ते खोल विहिरीच्या पाण्यात पडलेले त्याच्याच उदारमतवादी चेहऱ्याचे प्रतिबिंब होते.

या पद्धतीची याहून काळी बाजू यहुदी अभ्यासकांना फार आधी दिसली होती. वेलहाउझेनच्या मांडणीत संदेष्ट्यांचा जिवंत धर्म पुढे याजकांच्या नियमांत गोठला आणि यहुदी धर्म म्हणजे त्या ऱ्हासाची परिणती, असे सूचित होते. म्हणूनच सॉलोमन शेख्टर यांनी १९०३ मध्ये या चिकित्सेत यहुदीद्वेषाचे विद्वत्तापूर्ण रूप दडले असल्याचा आरोप केला. १९३९ मध्ये, नाझी राजवटीत, आयझेनाख येथे प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रज्ञांनी जर्मन धर्मजीवनातून यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्था काढली आणि तिचा शैक्षणिक प्रमुख वाल्टर ग्रुंडमान याने येशू यहुदी नव्हताच असे ‘सिद्ध’ करण्यासाठी चिकित्सेचीच परिभाषा वापरली. पद्धती आधुनिक असली म्हणजे निष्कर्ष माणुसकीचे निघतात, या समजुतीला यानंतर आधार उरला नाही.

ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे पाच प्रकार अमेरिकन विचारवंत एच. रिचर्ड नीबूर याने १९५१ मध्ये सांगितले : संस्कृतीला विरोध, संस्कृतीशी एकरूपता, संस्कृतीच्या वर स्थान, दोहोंत न सुटणारा ताण, आणि संस्कृतीचे परिवर्तन. जर्मन उदारमतवाद दुसऱ्या प्रकारात अडकला. पाचव्या प्रकाराचे ठळक उदाहरण अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुशचे म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या कामगार वस्तीजवळ त्याने अकरा वर्षे पाळक म्हणून काम केले, आणि १९०७ च्या आपल्या ग्रंथात पापाची व्याख्या व्यक्तीपुरती न ठेवता गिरण्या, घरमालकी आणि वेतनव्यवस्था यांतील अन्यायापर्यंत नेली. त्यातून जी ‘सामाजिक शुभवर्तमाना’ची चळवळ वाढली, तिचा आपल्यावर प्रभाव असल्याचे पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी मान्य केले.

गुलामगिरी, उत्क्रांती आणि अमेरिकेतील दुफळी

अमेरिकेत शब्दशः वाचनाचा प्रश्न प्रथम विज्ञानावरून नव्हे, तर गुलामगिरीवरून पेटला. दक्षिणेतील धर्मगुरू अब्राहामचे दासदासी, मोशेचे नियम आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाच्या नावाने असलेला उपदेश यांवर बोट ठेवत, आणि वचनाला वचन लावून वाद घालायचा तर त्यांची बाजू कमकुवत नव्हती. गुलामगिरीच्या विरोधकांना म्हणून एखाद्या वचनाऐवजी संपूर्ण ग्रंथाच्या रोखाकडे, म्हणजे माणूस ईश्वराच्या प्रतिरूपाने निर्माण झाला आहे या आणि अशा सूत्रांकडे वळावे लागले. मेथडिस्ट चर्च १८४४ च्या अधिवेशनात आणि बॅप्टिस्ट १८४५ मध्ये याच प्रश्नावर फुटले. स्त्रियांचे पौरोहित्य, घटस्फोट, समलिंगी संबंध या पुढच्या सर्व वादांत पुरोगामी पक्षाने जी युक्तिवादाची रीत वापरली, ती मूळची या झगड्यात घडली आहे.

विसाव्या शतकात वादाचे केंद्र बदलले. १९१० ते १९१५ या काळात कॅलिफोर्नियातील तेल उद्योजक लायमन स्टुअर्ट यांच्या पैशातून ‘द फंडामेंटल्स’ ही बारा खंडांची निबंधमाला निघाली आणि ‘फंडामेंटलिस्ट’ म्हणजे मूलतत्त्ववादी हे नाव पुढे तिच्यावरून रूढ झाले. २१ मे १९२२ रोजी हॅरी इमर्सन फॉसडिक या उदारमतवादी धर्मोपदेशकाने न्यूयॉर्कमध्ये मूलतत्त्ववाद्यांचा विजय होणार काय, असा प्रश्न विचारणारे प्रवचन दिले. १९२३ मध्ये परंपरानिष्ठ ईश्वरशास्त्रज्ञ जे. ग्रेशम मेचनने उत्तर दिले की उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्माचा प्रकार नसून वेगळाच धर्म आहे. १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसीतील डेटन येथे उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. या खटल्याकडे ज्ञान विरुद्ध अज्ञान असे पाहण्याची सवय आहे; पण सरकारपक्षाकडून उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे शेतकरी-कामगारांचे पुढारी होते आणि बलवानांनीच जगावे असे समाजशास्त्र डार्विनच्या नावावर खपवले जाते, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

कॅथलिक चर्चमध्ये मार्ग निराळा होता. आधुनिकतावादाचा, म्हणजे चर्चमधील अशा चिकित्सक विचाराचा, निषेध करणारे परिपत्रक पोप दहावे पायस यांनी १९०७ मध्ये काढले, टिरेल त्याच वर्षी आणि फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड ल्वाझी १९०८ मध्ये बहिष्कृत झाला. परंतु १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी प्राचीन वाङ्मयप्रकार ओळखून बायबल वाचण्यास मोकळीक दिली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तिला दृढ केले. जे शिकवल्याबद्दल आधीच्या पिढीतील अभ्यासकांची पदे गेली, त्यातले बरेचसे आज कॅथलिक गुरुविद्यालयांत नित्याच्या अभ्यासक्रमात आहे.

येशूचा नवा शोध आणि मार्कस बोर्ग

१९८५ मध्ये रॉबर्ट फंक यांनी ‘जीझस सेमिनार’ हा अभ्यासगट सुरू केला. येशूच्या तोंडी असलेल्या प्रत्येक वचनावर सदस्य रंगीत मणी टाकून मत देत : लाल म्हणजे हे येशूचेच, गुलाबी म्हणजे बहुधा त्याचे, करडा म्हणजे शब्द त्याचे नसले तरी विचार जवळचा, काळा म्हणजे नंतरच्यांची भर. १९९३ च्या अहवालात सुमारे १८ टक्केच वचने पहिल्या दोन रंगांत आली. बहुमताने इतिहास ठरवण्याच्या या पद्धतीवर टीका झाली, परंतु अभ्यासकांच्या वर्तुळातली चर्चा तिने सामान्य वाचकांपर्यंत आणली.

या गटातील मार्कस बोर्ग (१९४२-२०१५) हे पुरोगामी ख्रिस्ती विचाराचे आपल्या काळातील सर्वांत वाचले गेलेले प्रतिनिधी होत. ल्यूथरन घरात वाढलेले बोर्ग ऑक्सफर्डला शिकले आणि ऑरेगन राज्य विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांच्या मते बायबल म्हणजे प्राचीन इस्राएल आणि आद्य ख्रिस्ती समाज यांनी ईश्वरानुभवाला दिलेला मानवी प्रतिसाद आहे. म्हणून त्याला गांभीर्याने घ्यायचे, पण त्याच्या शब्दांना अक्षरशः बांधून घ्यायचे नाही. क्रुसावर मेलेला इतिहासातला येशू आणि पुनरुत्थानानंतर श्रद्धावंतांनी अनुभवलेला ख्रिस्त असा भेद ते करत. लूकच्या शुभवर्तमानात एम्माउसच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर एक अनोळखी वाटसरू चालतो, शास्त्रवचने समजावतो आणि भाकर मोडताना तो येशू असल्याचे त्यांना उमगते. ही घटना कॅमेऱ्यात टिपता आली असती काय, हा बोर्ग आणि त्यांचे सहकारी जॉन डॉमिनिक क्रॉसन यांच्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. सहभोजनात ख्रिस्ताची ओळख पटते हा त्या समाजाचा अनुभव या कथेने सांगितला, हे तिचे सत्य होय.

बोर्ग यांची खरी देणगी त्यांच्या स्वरात आहे. न्यूअर्कचे बिशप जॉन शेल्बी स्पाँग (१९३१-२०२१) जुन्या श्रद्धा मोडीत काढण्याच्या आवेशाने लिहीत, तर बोर्ग यांनी एन. टी. राइट या परंपरानिष्ठ अभ्यासकाबरोबर १९९९ मध्ये संयुक्त ग्रंथ लिहून मतभेद शेजारीशेजारी ठेवले. राइट यांचा आक्षेप असा की पुनरुत्थान घडलेच नसते, तर ज्या चळवळीतून चर्च जन्माला आले तिचे ऐतिहासिक स्पष्टीकरणच लागत नाही. ल्यूक टिमथी जॉन्सन यांनी १९९६ मध्ये म्हटले की अभ्यासकांनी पुनर्रचलेला येशू दर पिढीला बदलतो, त्यामुळे श्रद्धेचा पाया त्यावर घालता येत नाही. एमी-जिल लेव्हीन या यहुदी अभ्यासिकेने २००६ मध्ये दाखवले की येशूला स्त्रियांचा आणि गरिबांचा कैवारी ठरवण्यासाठी पुरोगामी प्रवचनकार त्याच्या भोवतीचा यहुदी धर्म नाहक काळा रंगवतात. शेख्टर यांनी दाखवलेली खोट म्हणजे शंभर वर्षांनीही गेलेली नव्हती.

काठावरून केलेले वाचन

१८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तीत योसेफाची आज्ञाधारकता होती, परंतु इस्राएल मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा वगळली होती. ग्रंथात काय सामर्थ्य आहे हे वगळणाऱ्यांनाही ठाऊक होते. गुलामांनी मात्र ती कथा ऐकून, गाऊन आपलीशी केली. कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामीत जन्मलेली. मालकाचा पाद्री सतत पौलाचा दाखला देई म्हणून ती नातवाकडून पौलाची पत्रे, करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रेमाचा अध्याय सोडून, वाचून घेत नसे. थर्मन १९३५-३६ मध्ये भारतात आले, फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले, आणि १९४९ मध्ये त्यांनी येशूला रोमन साम्राज्यातला गरीब, पराधीन यहुदी म्हणून वाचणारा ग्रंथ लिहिला. जेम्स कोन यांनी १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांचे आणि गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९७१ मध्ये पेरूमधून मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडले.

स्त्रियांच्या वाचनाने आणखी अवघड प्रश्न उभा केला. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये बायबलमधील चार अत्याचारित स्त्रियांच्या कथा वाङ्मयीन बारकाईने वाचल्या. त्यांतील हागार ही मिसरी दासी अब्राहामाच्या घरातून पळते, अरण्यात देवदूत तिला भेटतो, बायबलमध्ये ईश्वराला नाव देणारी ती पहिली व्यक्ती ठरते, आणि तरीही देवदूत तिला छळ करणाऱ्या धनिणीकडेच परत पाठवतो. अशा कथेला मुक्तीचा मुलामा न देता ती जशी आहे तशी वाचणे, हीच ट्रिबल यांच्या दृष्टीने प्रामाणिकता होती. १९८९ मध्ये मूळनिवासी अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर यांनी मुक्तिवादी वाचनालाच प्रश्न विचारला : मिसरातून सुटलेल्यांना जी भूमी मिळाली तिथे कनानी लोक राहत होते; मग ज्यांची भूमी अशाच एका ‘वचनदत्त’ लोकांनी घेतली, त्यांनी ही कथा कोणाच्या बाजूने वाचायची?

महाराष्ट्रातील धागे

या चर्चेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी लगेचच त्रैक्याचा सिद्धांत आणि येशूचे ईश्वरत्व यांबद्दल तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे सद्सद्विवेक गहाण टाकायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. रमाबाई पुढे उदारमतवादाकडे नव्हे, तर भक्तिप्रवण जागृतीकडे वळल्या. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य मराठी वाचकांसाठी त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर, जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण रूपात बाहेर आले, त्याच स्वतंत्र वृत्तीचे फळ होते.

दुसरा धागा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जे. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या, बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेत मुरलेल्या युनिटेरियन अभ्यासकांकडे तौलनिक धर्मशास्त्र शिकले. परतल्यावर प्रार्थना समाजाचे काम करताना १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. कोणताही एक ग्रंथ निर्दोष नाही आणि कोणताही धर्म सत्यापासून वंचित नाही, ही उदार धर्माची शिकवण त्यांच्या हातून पुस्तकाऐवजी अस्पृश्यतानिवारणाच्या कामात उतरली.

सर्वांत मूलगामी काम पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठातील जेज्वीट अभ्यासक जॉर्ज सोआरिस-प्रभू (१९२९-१९९५) यांचे आहे. मत्तयाच्या जन्मकथेतील अवतरणांवर त्यांनी युरोपीय पद्धतीने लिहिलेला प्रबंध १९७६ मध्ये रोमला प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी त्यांनीच लिहिले की युरोपच्या प्रबोधनकाळातील प्रश्नांसाठी घडलेली ऐतिहासिक चिकित्सा दारिद्र्य, जात आणि बहुधर्मीयता यांत जगणाऱ्या भारतीय वाचकाला पुरत नाही. त्यांनी येशूच्या सहभोजनाचा अर्थ दलित ख्रिश्चनांच्या संदर्भात लावला, आणि मत्तयाच्या अखेरीस येशू शिष्यांना जगभर पाठवतो तो उतारा महावग्ग या बौद्ध ग्रंथातील बुद्धाच्या तशाच आदेशाशेजारी ठेवून वाचला. बुद्ध साठ अर्हतांना पुष्कळांच्या हितासाठी आणि लोकांविषयीच्या करुणेपोटी वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो. मत्तयात भर येतो तो अधिकारावर आणि शिष्य करण्यावर. हा शेजार लक्षात आल्यावर वसाहतकाळात धर्मप्रसाराचा परवाना म्हणून वापरलेला तो उतारा पूर्वीसारखा वाचता येत नाही. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतरच्या महाराष्ट्रात बौद्ध ग्रंथ हे अभ्यासिकेतले प्राचीन साहित्य नसून शेजाऱ्यांचा जिवंत धर्म आहे, हेही या तुलनेला वजन देते.

काय साधले, काय उरले

आजचे वाद मुख्यतः लैंगिकतेभोवती आहेत. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये समलिंगी धर्मगुरूंवरील बंदी उठवली, पण त्यापूर्वीच्या काही वर्षांत या वादावरून तिथल्या सुमारे एक-चतुर्थांश मंडळ्या त्यातून बाहेर पडल्या होत्या. उदार चर्चची सभासदसंख्या घटते आहे, हा टीकाकारांचा नेहमीचा मुद्दा. तो खरा असला तरी त्याने कोणाचे वाचन बरोबर हे ठरत नाही.

या अभ्यासाने दोन गोष्टी निर्विवाद साधल्या. बायबल हा अनेक काळांतील अनेक आवाजांचा संग्रह आहे हे त्याने सिद्ध केले, आणि त्यातील एखादे वचन उचलून माणसाला गुलाम, दुय्यम किंवा अपवित्र ठरवणाऱ्यांची सोय संपवली. मात्र दुसरे यश पहिल्यातून आपोआप आलेले नाही. आयझेनाखच्या प्राध्यापकांना पद्धती अवगत होती आणि थर्मन यांच्या आजीला ती ठाऊक नव्हती. ग्रंथामुळे ज्याला इजा होऊ शकते अशा वाचकाचा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला, तेव्हाच चिकित्सेला नैतिक दिशा मिळाली.

एक प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही. अनेक आवाजांपैकी कोणता स्वीकारायचा आणि कोणता नाकारायचा हे जर न्यायबुद्धी ठरवणार असेल, तर त्या बुद्धीला या ग्रंथाची गरज काय? हा ग्रंथ आमच्या समाजाची ओळख घडवणारी कथा आहे, म्हणून तो आमचा, असे बोर्ग यांचे उत्तर होते. ते त्या परंपरेत जन्मलेल्याला पटेल, इतरांना पटेलच असे नाही. सोआरिस-प्रभूंच्या कामातून निघणारे उत्तर अधिक टिकाऊ वाटते : एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाशेजारी आणि एक वाचक दुसऱ्या वाचकाशेजारी बसवला असता आपल्या न्यायबुद्धीच्याही मर्यादा उघड होतात, आणि बायबलचे आजचे मोल त्याच्या निर्दोषत्वात नसून अशा परस्परतपासणीत उभे राहण्याच्या त्याच्या क्षमतेत आहे. हा दावा मान्य करायचा, तर तो इतर प्रत्येक धर्मग्रंथालाही लागू करावा लागेल. पुरोगामी ख्रिस्ती अभ्यासकांनी आपल्या ग्रंथाची जेवढी परीक्षा घेतली तेवढी घेण्याची तयारी इतर परंपरांतही वाढली, तर धर्माधर्मांतील संवादाला केवळ सौजन्यापलीकडचा पाया मिळू शकेल.